अंधाऱ्या खोलीला कोणता रंग द्यावा?

दसरा-दिवाळी जवळ आली की माझ्या दवाखान्यात खोकला-तापाबरोबर घराच्या रंगाचाही विषय निघतो. "डॉक्टर, रंगकाम काढलंय. आईला दमा आहे, चार दिवस तिला कुठं ठेवू?" असे कोणी विचारते. दुसरा कोणी विचारतो, "मागच्या झोपायच्या खोलीत दिवसासुद्धा दिवा लावावा लागतो. तिथं कोणता रंग बरा?" पहिला प्रश्न डॉक्टरचा आहे, हे सर्वांना पटते. दुसरा मात्र रंगाऱ्याचा, असे पूर्वी मलाही वाटत असे. एका प्रसंगाने माझे हे मत कायमचे बदलले. वाचकांनाही त्याचा उपयोग होईल म्हणून तो सांगतो.

२००२ सालची गोष्ट. पुण्यातल्या एका पेठेत, जुन्या वाड्यात राहणारे एक निवृत्त शिक्षक माझ्याकडे औषधाला येत. त्यांची मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी येणार होती. तिच्यासाठी माजघरामागची खोली ठरली होती. पेठेतल्या वाड्यांतल्या अशा खोल्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना वेगळे वर्णन नको. जाड भिंती, बुटके दार आणि बोळात उघडणारी एकच लहान खिडकी.

"डॉक्टर, बाळंतिणीची खोली रंगवतोय. कोणता रंग देऊ?" त्यांनी विचारले.

मी औषध लिहिता लिहिता हसून म्हणालो, "काका, रंगात काय एवढं? तुम्हाला आवडेल तो द्या."

अंधारी खोली उजळ दिसावी म्हणून काकांनी हौसेने हळदीसारखा पिवळा डिस्टेंपर दिला.

यथावकाश मुलगा झाला. आई आणि बाळ तिसऱ्या दिवशी घरी आले. चौथ्या दिवशी संध्याकाळी मला निरोप आला, की बाळ नीट पीत नाही, सारखे झोपते. मी गेलो. वारा लागू नये म्हणून खिडकी घट्ट लावलेली होती. वर ४० वॅटचा पिवळा बल्ब आणि चारी बाजूंनी पिवळ्या भिंती. मी बाळाची छाती, पोट, टाळू तपासली. ताप नव्हता. त्या उजेडात बाळ पिवळसर दिसत होते. पण पांढरी दुपटी, आजीचे लुगडे आणि माझे स्वतःचे हातही पिवळसरच दिसत होते. "दूध नीट उतरेपर्यंत असं होतं. दर दोन तासांनी उठवून पाजा," असे सांगून मी घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंनी बाळाला चौकात आणले. दिवसाच्या उजेडात पाहताच त्या दचकल्या. बाळाच्या डोळ्यांचा पांढरा भाग आणि तळपाय पिवळे झाले होते. त्या तशाच बाळाला घेऊन दवाखान्यात आल्या. मी त्याच तासाला बाळाला मोठ्या रुग्णालयात पाठवले. रक्तातले बिलिरुबिन बरेच वाढले होते. तीन दिवस निळ्या दिव्याखाली ठेवल्यावर कावीळ उतरली. आज तो मुलगा शिक्षण संपवून नोकरीला लागला आहे. पण ती एक रात्र वाया गेली होती, हे मी विसरू शकलेलो नाही. नवजात बाळाची कावीळ फार वाढली तर बिलिरुबिन मेंदूत उतरते. त्याने बाळ बहिरे होऊ शकते, कायमचे अपंग होऊ शकते, दगावूही शकते.

चूक भिंतीची नव्हती, माझीच होती. बाळाला उचलून खिडकी उघडून पाहायला मला एक मिनिट लागले असते. परंतु त्या दिवसापासून खोलीच्या रंगाबद्दल कोणी विचारले तर मी हसत नाही. लेखणी खाली ठेवून उत्तर देतो.

भिंत उजेड कसा खाते?

रंग स्वतः उजेड निर्माण करीत नाही. खिडकीतून आलेला उजेड भिंतीवर पडतो. त्यातला काही भिंत शोषून घेते आणि उरलेला परत खोलीत सोडते. पांढरी स्वच्छ भिंत १०० भागांपैकी सुमारे ८० भाग उजेड परत देते. फिकट क्रीम रंग सुमारे ७० भाग देतो. मध्यम निळा, हिरवा किंवा करडा रंग ३० ते ४० भाग, तर गडद रंग जेमतेम १० भाग परत देतो.

लहान खिडकीच्या खोलीत थेट उजेड खिडकीजवळच राहतो. आतल्या कोपऱ्यातल्या पलंगापर्यंत पोचणारा बहुतेक उजेड दोन-तीन भिंतींवर आपटून आलेला असतो. आता हिशेब करून पाहा. पांढऱ्या भिंतींवर तीनदा आपटल्यावर १०० पैकी सुमारे ५१ भाग उरतात. ४० भाग परत देणाऱ्या भिंतींवर तीनदा आपटल्यावर उरतात फक्त ६! भरपूर खिडक्या असलेल्या दिवाणखान्यात हा फरक फारसा जाणवत नाही. अंधाऱ्या खोलीत मात्र तो आठपट होतो.

मग काकांचा पिवळा रंग का चुकला? पिवळी भिंत उजेड परत देते, पण पिवळा करून देते. म्हणून रंग नुसता उजळ असून भागत नाही, तो फिकटही हवा. बाळ-बाळंतीण, आजारी माणूस किंवा वृद्ध व्यक्ती ज्या खोलीत झोपते तिथे भडक पिवळा नको, गुलाबी-लाल नको, गर्द हिरवा किंवा निळाही नको. लालसर खोलीत रक्त कमी झालेला चेहराही टवटवीत वाटतो. हिरव्या-निळ्या खोलीत धडधाकट माणूसही आजारी दिसतो. डॉक्टर येतो तेव्हा येतो. माणसाचा चेहरा रोज पाहतात ती घरातलीच माणसे. तो चेहरा त्यांना खरा दिसला पाहिजे.

आजी-आजोबांची खोली

हल्ली वाडे पाडून इमारती झाल्या, पण अंधाऱ्या खोल्या गेल्या नाहीत. शेजारच्या इमारतीच्या भिंतीकडे किंवा डक्टकडे तोंड केलेली खिडकी असलेली बेडरूम पुण्यात पुष्कळ फ्लॅटमध्ये आढळते. तालुक्याच्या गावीही आता घराला घर लागून उभे राहते. आणि घरातली सर्वांत कमी उजेडाची खोली बहुतेक वेळा आजी-आजोबांच्या वाट्याला येते. "त्यांना काय, पडूनच तर राहायचं!" असे आपण म्हणतो. खरे तर गरज उलट असते. वय वाढते तशी डोळ्याची बाहुली लहान होते, भिंग पिवळसर व गढूळ होते. साठीच्या माणसाच्या डोळ्यात विशीच्या तरुणाच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांशच उजेड पोचतो. नातवाला "पुरेसा" वाटणारा उजेड आजोबांना संधिप्रकाशासारखा असतो. त्यातच गोळ्यांची अदलाबदल होते, आणि रात्री मोरीकडे जाताना पाय अडखळून मांडीचे हाड मोडते.

म्हणून त्यांच्या खोलीचे छत शुभ्र पांढरे असावे. भिंती पांढऱ्या, मोतिया किंवा अगदी फिकट क्रीम असाव्यात. चकचकीत ऑइल पेंट नको. मोतीबिंदू असलेल्या डोळ्यांना त्यावरची तिरीप त्रास देते. बिनचमकीचा रंग बरा.

एक गोष्ट मात्र विसरू नका. भिंत, दार, उंबरठा आणि फरशी सगळेच पांढरे असले, तर अधू नजरेला कुठे काय संपते ते कळत नाही. उंबऱ्यावर, पायरीच्या कडेला आणि दाराच्या चौकटीला मुद्दाम गडद रंग द्या. दिव्याची बटणेही ठळक दिसू द्या. रात्रीसाठी जमिनीलगत एक मंद दिवा असावा, म्हणजे झोपही मोडत नाही आणि पायाखालचेही दिसते.

शेड कार्डावरचा बोटभर रंग पाहून निर्णय घेऊ नका. तोच रंग चार भिंतींवर चढला की अधिक गडद भासतो. भिंतीवर दोन फूट लांब-रुंद चौकोन रंगवून तो सकाळी, दुपारी आणि रात्री दिव्याच्या उजेडात पाहा, मग ठरवा. दोन छटांमध्ये मन अडकले तर फिकट छटा घ्या.

ओल असेल तर रंग थांबवा

खोलीत अंधार असला की बरेचदा ओलही असते. भिंतीला लोणा आलेला असतो, पोपडे सुटतात, कपाटामागे काळी बुरशी धरते. अशा भिंतीवर महागडा प्लास्टिक पेंट दिला की दोन महिने खोली सुंदर दिसते. पण आतले पाणी बाहेर पडू शकत नाही. मग फुगे येतात आणि बुरशी पुन्हा डोके वर काढते. दम्याच्या आणि ॲलर्जीच्या रुग्णांना ही बुरशी फार बाधते. पाऊस संपताच ज्यांचा खोकला वाढतो त्यांना मी आधी विचारतो, "तुमच्या पलंगामागची भिंत कशी आहे?"

ओल कुठून येते ते आधी शोधा. गच्ची गळते का, पलीकडे न्हाणीघराचा नळ झिरपतो का, की जमिनीतून पाणी चढते? ते दुरुस्त करा. ऑक्टोबरच्या कोरड्या उन्हात खिडक्या उघड्या ठेवून भिंत वाळू द्या. रंग त्यानंतर. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढा. जुन्या वीट-मातीच्या भिंतींना साधा चुना अजूनही उत्तम आहे. तो स्वस्त असतो, पांढराशुभ्र असतो, भिंतीतली ओल बाहेर पडू देतो, आणि त्याच्या तीव्र क्षारामुळे नव्या चुन्यावर बुरशी सहज धरत नाही.

परंतु चुना म्हणजे औषध नव्हे. १८९७ च्या प्लेगच्या साथीत रँड यांच्या समितीने पुण्यात घरोघर सक्तीने झडत्या घेतल्या, घरे धुऊन त्यांना चुना फासला. प्लेग मात्र उंदरांच्या अंगावरच्या पिसवांतून पसरतो, हे पॉल-लुई सिमॉन या फ्रेंच डॉक्टरने १८९८ मध्ये कराचीत दाखवून दिले. भिंत पांढरी करून पिसवा जात नाहीत. तसेच फिकट रंगाने क्षयरोग्याच्या खोलीतली हवा बदलत नाही, की हाडांना ड जीवनसत्त्व मिळत नाही. त्यासाठी खिडकी उघडावी लागते आणि माणसाला बाहेर उन्हात न्यावे लागते.

रंगकाम करताना

जुना ऑइल पेंट कोरडा घासू नका. त्यात शिसे असू शकते, आणि ती धूळ लहान मुलांच्या मेंदूला व पोटातल्या गर्भाला घातक असते. घरगुती रंगातल्या शिशावर दहा लाख भागांत ९० भाग ही मर्यादा घालणारे नियम आपल्याकडे २०१६ साली आले आणि २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाले. त्याआधीच्या रंगाबाबत सावध राहिलेले बरे. पाणी मारून ओले घासावे, मुले व गरोदर स्त्रियांना दूर ठेवावे, नंतर फरशी ओल्या फडक्याने पुसावी. नवा डबा घेताना त्यावर शिशाविषयी काय छापले आहे ते वाचावे.

चुना कालवताना मुलांना जवळ येऊ देऊ नका. चुन्याचा थेंब डोळ्यात गेला तर बुबुळ भाजते. डोळा न चोळता ताबडतोब स्वच्छ वाहत्या पाण्याने निदान २० मिनिटे धुवावा, आणि मग थेट नेत्रतज्ज्ञाकडे जावे. तूप, मध किंवा दुसरे काही घालू नये.

दम्याच्या रुग्णाने ताज्या रंगाच्या खोलीत झोपू नये. खिडक्या सताड उघड्या ठेवून वास पूर्ण गेल्यावरच त्याला परत आणावे.

आणि बाळंतिणीच्या खोलीविषयी शेवटचे. खिडकी दिवसातून निदान काही वेळ उघडा. पहिला आठवडाभर बाळाला रोज दिवसाच्या उजेडात नीट पाहा. नाकावर किंवा छातीवर बोट हलकेच दाबून उचला, खालची कातडी पिवळी दिसते का बघा. डोळे आणि हिरड्याही बघा. पहिल्या २४ तासांत आलेली कावीळ, तळहात-तळपायांपर्यंत पोचलेली कावीळ, किंवा पिवळे दिसणारे बाळ सुस्त पडून पीत नसेल, तर एक तासही थांबू नका. कोवळे ऊन दाखवू, उतरेल, असे म्हणून घरी वाट पाहू नका. रुग्णालयातल्या निळ्या दिव्याचे काम घरातले ऊन करीत नाही.

पुढच्या दिवाळीला काकांनी ती खोली पांढऱ्या चुन्याने रंगवून घेतली आणि मुद्दाम मला फराळाला बोलावले. खिडकी उघडी होती. नातू पलंगावर खेळत होता. "आता कसा दिसतो, डॉक्टर?" काकांनी विचारले. मी बाळाला उचलून खिडकीपाशी नेले, नीट पाहिले आणि मगच म्हणालो, "छान!"

अजूनही कुणाच्या घरी पेशंट पाहायला गेलो, की स्टेथोस्कोप काढण्याआधी मी खिडकी उघडतो.