इन्व्हर्टरची बॅटरी अकाली मान का टाकते?

भिलाईचा उन्हाळा मोठा कडक. पारा ४४ अंशांच्या पुढे सरकतो, संध्याकाळी वादळी वारे सुटतात आणि अचानक दिवे जातात. १९५९ साली येथील पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी सुरू झाली. नोकरीच्या निमित्ताने विदर्भातून येऊन येथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनाही हा अनुभव नवा नाही. म्हणूनच घराच्या एखाद्या कोपऱ्यात इन्व्हर्टर आणि त्याची जाडजूड बॅटरी हमखास दिसते.

इन्व्हर्टर घेताना आपण चार दुकाने पालथी घालतो. पण एकदा तो कोपऱ्यात बसला, की त्याच्याकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही. मग पाच वर्षे चालेल म्हणून घेतलेली बॅटरी दोन वर्षांतच मान टाकते आणि हजारो रुपयांचा भुर्दंड पडतो. दोष दर वेळी बॅटरीचाच असतो असे नाही. पुष्कळदा ती अपुऱ्या चार्जिंगने आणि उपासमारीनेच मरते.

एक पेटी, दोन कामे

घरात येणारी वीज २३० व्होल्टची आणि सतत दिशा बदलणारी, म्हणजे एसी असते. बॅटरीत मात्र १२ व्होल्टची, एकाच दिशेने वाहणारी डीसी वीज साठते. वीज असते तेव्हा इन्व्हर्टरची पेटी एसीचे डीसी करून बॅटरी भरते. वीज गेली, की तीच पेटी डीसीचे एसी करून दिवे-पंखे चालवते. या उलटसुलट कामात थोडी वीज उष्णतेच्या रूपाने वाया जाते. पेटी गरम होते ती त्यामुळेच.

शिसे आणि आम्ल यांची ही बॅटरी फ्रान्सच्या गॅस्टन प्लान्ते यांनी १८५९ मध्ये तयार केली. मूळ तत्त्व आजही तेच आहे. १२ व्होल्टच्या बॅटरीत सहा कप्पे असतात. त्यांत शिशाच्या पट्ट्या सौम्य गंधकाम्लात बुडालेल्या असतात. वीज वापरताना पट्ट्यांवर शिशाचे सल्फेट जमते. चार्जिंग झाले, की ते पुन्हा निघून जाते. दुधाचे पातेले लगेच घासले तर साय चटकन निघते, दोन दिवस तसेच पडले तर हात दुखून येतात. सल्फेटचेही तसेच आहे. बॅटरी रिकामी पडून राहिली, तर त्याचे कडक खडे बनतात आणि तेवढा भाग कायमचा निकामी होतो.

माठ भरावा तसे

चांगला चार्जर बॅटरी टप्प्याटप्प्याने भरतो. सुरुवातीला वीज जोरात जाते. व्होल्टेज साधारण १४.४ पर्यंत चढले, की प्रवाह कमी कमी होत जातो. माठ काठोकाठ आल्यावर आपण नळाची धार बारीक करतो ना, तसेच. शेवटी १३.५ व्होल्टच्या आसपास नुसती राखण चालते. हा शेवटचा टप्पा वेळखाऊ असतो. निम्मी रिकामी झालेली बॅटरी पूर्ण भरायला आठ-दहा तास लागू शकतात. तासाभरात 'भरली असेल' असे समजून चालत नाही.

किती वेळ पुरेल?

याचा हिशेब गृहिणीलाही सहज करता येतो. १५० अँपिअर-अवर गुणिले १२ व्होल्ट म्हणजे १८०० वॉट-अवर. बॅटरी निम्मीच वापरायची ठरवली, तर ९०० उरतात. पेटीतली घट वजा केली, की हाती ७०० च्या आसपास येतात. ७५ वॉटचे दोन पंखे आणि ९ वॉटचे चार दिवे मिळून १८६ वॉट होतात. म्हणजे साडेतीन तासांची सोय झाली. बॅटरी जुनी असेल, तर त्याहून कमी.

घरात ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवर असलेला रुग्ण असेल, तर हा हिशेब आधीच करून ठेवावा. हे यंत्र ३०० वॉटच्या आसपास वीज घेते. त्यावर ही बॅटरी दोन-अडीच तासच पुरेल. अशा घरात डॉक्टरांच्या सल्ल्याने भरलेला सिलिंडर जवळ असलाच पाहिजे.

गावी जाताना

सर्वांत मोठी चूक येथे होते. सुट्टीत नागपूरला जाताना सावधगिरी म्हणून आपण मेन स्विच बंद करतो. इन्व्हर्टरला वाटते, वीज गेली! विसरलेला एखादा दिवा किंवा राउटर तो बॅटरीवर चालवत राहतो. बॅटरी रिकामी होते आणि महिनाभर तशीच पडून राहते. परत येईपर्यंत सल्फेटने आपले काम केलेले असते. म्हणून निघण्यापूर्वी बॅटरी पूर्ण भरावी, मग इन्व्हर्टर बंद करून बॅटरीची तार इलेक्ट्रिशियनकडून सोडवून घ्यावी.

पाणी, हवा आणि उष्णता

चार्जिंग होताना आम्लातले थोडे पाणी वायू होऊन उडून जाते. उन्हाळ्यात हे प्रमाण वाढते, म्हणून महिन्यातून एकदा पातळी पाहावी. इन्व्हर्टर बंद करून, हातमोजे आणि चष्मा घालून फक्त डिस्टिल्ड वॉटर खुणेपर्यंत घालावे. नळाच्या पाण्यातले क्षार पट्ट्यांना बाधतात. आम्ल तर कधीच घालू नये, कारण उडते ते पाणी, आम्ल नव्हे. अंगावर आम्ल उडाले, तर भरपूर पाण्याने धुवावे.

बाहेर पडणाऱ्या वायूत हायड्रोजन असतो आणि तो ठिणगीने भडकतो. म्हणून बॅटरी देवघरातील समईजवळ, गॅसच्या शेगडीजवळ किंवा बंद कपाटात ठेवू नये. हवेशीर, सावलीची जागा उत्तम. तापमान वाढेल तसे बॅटरीचे आयुष्य घटते, त्यामुळे पश्चिमेच्या तापलेल्या भिंतीपासूनही ती दूर असावी.

बॅटरी संपलीच, तर ती अंगणात फोडू देऊ नये. शिसे विषारी असते आणि लहान मुलांना त्याचा धोका अधिक. नवी घेताना जुनी विक्रेत्याला परत द्यावी, तिचे पैसेही वळते होतात. महिन्यातून दहा मिनिटे काढली, तर हीच बॅटरी ऐन परीक्षेच्या रात्री मुलांना अंधारात बसवणार नाही.