माती, गादी आणि आपले कॉलेजचे पहेलवान



शेतकी विभागाची माणसे ऊसनोंदीसाठी कळंब गटात गेली म्हणजे बोलणे बेण्यापासून सुरू होते, तोडणीच्या तारखेवर येते आणि चहा होईपर्यंत कुस्तीवर घसरते. आपल्या भागाला कुस्तीचा शौक जुनाच. परंतु अलीकडे शौकिनांत सरळ दोन तट पडलेले दिसतात. एक तट म्हणतो, कुस्ती मातीतली. गादीवर चालतो तो गुणांचा हिशेब. दुसरा म्हणतो, पोट्टा कॉलेजात शिकतो आहे, त्याला विद्यापीठाच्या स्पर्धेत गादीवरच उतरावयाचे आहे, मग मातीचा हट्ट काहून? वाद गमतीचा वाटतो. पण त्यावर काही घरांत मुलाच्या शिक्षणाचा निर्णय होतो, म्हणून आम्ही चार ओळी लिहिण्याचे ठरविले.

प्रथम हिशेबाचेच पाहू. गादीवरची कुस्ती तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांची, मध्ये अर्ध्या मिनिटाची विश्रांती. गड्याला खाली घेऊन मागून ताबा मिळविला की दोन गुण, वर्तुळाबाहेर रेटला की एक, मोठा डाव पडला तर चार. फ्रीस्टाइलमध्ये दहा गुणांची आघाडी झाली की कुस्ती तेथेच संपते. चितपट झाली तर प्रश्नच मिटला, पण चित न होताही पहेलवान हरतो. हे जुन्या शौकिनांच्या गळी उतरत नाही. "चित केल्याबिगर कुस्ती जिकली कशी म्हनता?" असे एका वयोवृद्ध सभासदांनी आम्हाला बांधावरच विचारले. त्यांचे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. मातीत गडी दमवावा लागतो, पकड पोलादासारखी लागते, आणि पाय मातीत रुतत असल्याने मांड्या-पोटऱ्या तयार होतात. ज्याने लहानपणी माती अंगाला लावली त्याची कंबर वेगळीच असते, हे पुण्या-कोल्हापूरचे वस्तादही सांगतात.

अडचण येते ती काठावरून सल्ला देताना. "थांब, दमव त्याला" हा मातीचा सल्ला. गादीवर जो नुसता धरून थांबतो त्याला पंच ताकीद देतात, आणि तेवढ्यात समोरच्याचे दोन गुण होऊन जातात. सहा मिनिटांच्या कुस्तीत पहिला हल्ला आपला पाहिजे. म्हणजे आखाड्यात तासभर जोर-बैठका मारणे वाया जाते असे नव्हे. पण त्यासोबत तीन मिनिटे जिवाच्या आकांताने झुंजणे, अर्धे मिनिट श्वास घेणे आणि पुन्हा झुंजणे, असा सराव रोजच्या रोज पाहिजे. हे कोणी घड्याळ हातात धरून करून घेतल्याशिवाय होत नाही.

या बाबतीत खाशाबा जाधवांचे उदाहरण प्रत्येक सभासदाने घरी सांगावे असे आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मुलगा. वडील स्वतः पहेलवान, म्हणजे मातीचा संस्कार घरातच. पुढे ते कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकले. १९४८ साली लंडन ऑलिंपिकला गेले तेव्हा गादी त्यांना अनोळखीच होती. तरी सहावे आले. तिथे रीस गार्डनर नावाच्या अमेरिकन प्रशिक्षकाने त्यांना गादीचे शिक्षण दिले. चार वर्षांनी, १९५२ साली, हेलसिंकीला त्यांनी ५७ किलो गटात कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. ढाक हा त्यांचा हातखंडा डाव मातीतलाच होता, पण तो गादीवर केव्हा टाकायचा हे शिकावे लागले. त्यांच्या प्रवासासाठी कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. कराडला मिरवणूक निघाली ती शंभरावर बैलगाड्यांची. तेव्हा कॉलेज आणि कुस्ती यांचे वाकडे आहे असे म्हणणाऱ्याने आधी या पोराचा इतिहास पाहावा.

अमेरिकेत आयोवा नावाचे मक्याचे राज्य आहे. आपण जसे उसात, तसे ते मक्यात. तेथे कॉलेजची कुस्ती पाहायला दहा-दहा हजार माणूस जमतो. त्यांचा मोठा प्रशिक्षक डॅन गेबल. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये एकही गुण न देता त्याने सुवर्ण घेतले, आणि पुढे आयोवा विद्यापीठाला राष्ट्रीय विजेतेपदे मिळवून दिली ती १५. त्याची पद्धत म्हणजे मेहनतीचा कडेलोट. गडी थकला की तिथून खरी तालीम सुरू. दुसऱ्या बाजूला केल सँडरसन. कॉलेजात १५९ कुस्त्या खेळला, एकही हरला नाही. २००४ ला अथेन्सला सुवर्ण घेतले आणि २००९ पासून पेन स्टेट विद्यापीठात शिकवतो. त्याचा भर मोकळेपणाने, सतत हल्ला करत खेळण्यावर. मुलाला कुस्ती आवडली पाहिजे असे तो मानतो. तिकडचे शौकीनही आपल्यासारखेच भांडतात, कोणी गेबलच्या बाजूचा तर कोणी सँडरसनच्या. परंतु त्यांच्या भांडणात पहेलवानाच्या आधी वस्तादाचे नाव निघते. आपल्याकडे गड्याची उंची, वजन, खुराक यांवर रात्र जाते आणि त्याला रोज शिकवितो कोण, हे कोणी विचारीत नाही.

खुराकाचेही तसेच. मातीच्या शौकिनाला वजन वाढविणे माहीत. गादीवर वजन राखावे लागते. २०२४ साली पॅरिसला विनेश फोगाट अंतिम फेरीत पोचूनही १०० ग्रॅमसाठी बाद झाली, हे साऱ्यांनी पाहिले. बदाम-तूप कॉलेजच्या पोराला अवश्य द्या, पण त्याचा वजनगट विचारून द्या. बाजारातले डबे आणि सुया मात्र वस्तादाच्या सांगण्यावरूनही नकोत.

आता मूळ प्रश्न. गटातल्या एका सभासदाने मुलाला अकरावीतून काढून मोठ्या शहरातल्या तालमीत पाठविले. उसाचा पहिला हप्ता दरवर्षी तिकडेच जाई. तिसऱ्या वर्षी पोराचा खांदा निखळला. परत आला तेव्हा हातात ना गदा ना बारावी. आज तो ठिबकच्या नळ्या पाहतो, उत्तम पाहतो, पण अर्ज भरायची वेळ आली की गप्प होतो. उलट पुण्याला काका पवारांसारखे वस्ताद आहेत हेही खरे. जानेवारी २०२० मध्ये महाराष्ट्र केसरीची शेवटची कुस्ती त्यांच्याच दोन पठ्ठ्यांत झाली. हर्षवर्धन सदगीरने शैलेश शेळकेला हरविले आणि त्यालाच खांद्यावर घेऊन मैदानात फिरला. असे शिक्षण मिळत असेल तर मुलगा जरूर पाठवावा. आमचे मत इतकेच की बारावी होईपर्यंत घरचा आखाडा आणि जवळचे कॉलेज सोडू नये. अमरावतीला १९१४ पासूनचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे, शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय आहे. तेथली मंडळी १९३६ साली बर्लिनला आपले खेळ दाखवून आली. इतक्या जवळचे सोडून थेट कोल्हापूरचीच गाडी धरण्याची घाई काहून?

मुलींचेही सांगतो. मार्च २०२३ मध्ये सांगलीला पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली, प्रतीक्षा बागडीने ती जिंकली. आपल्या गटातही एक-दोन मुली तयारी करतात. त्यांच्याविषयी पारावर जे बोलले जाते ते छापण्यासारखे नाही.

आणखी एक. फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगरला शिवराज राक्षेने चितपटीच्या निर्णयावरून पंचाला लाथ मारली, त्याच्यावर तीन वर्षांची बंदी जाहीर झाली. निर्णय बरोबर की चूक हा वाद पुढेही चालला. निर्णय चुकला असे ज्यांना वाटते त्यांना तसे वाटू द्या, पण लाथेला टाळ्या वाजविणारे शौकीन आम्हाला याच गटात भेटले, आणि शेजारी दहावीतली पोरे बसून ऐकत होती.

कागलचा शाहू कारखाना आपल्या कार्यक्षेत्रातल्या मल्लांना मानधन देतो, त्यांच्या गादीवर स्पर्धा घेतो. आपल्याकडे निदान सुरुवात म्हणून कॉलेजात कुस्ती करणाऱ्या सभासदांच्या मुलामुलींची यादी करावयाची आहे. नाव, वर्ग, वजनगट, आणि रोज शिकविणाऱ्या वस्तादांचे नाव एवढे कागदावर लिहून कळंब गट ऑफिसात द्यावे. वस्तादांचा रकाना कोरा ठेवू नये. वस्ताद नसेल तर "नाही" असे स्पष्ट लिहावे.