मुलाबरोबर आईचीही भरती

मागच्या लेखांकात आपण सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागापर्यंत पोचलो होतो. मनाच्या आजारासाठी आलेल्या बहुतेक मुलांचं तिथंच भागतं. समुपदेशन, शाळेशी बोलणं, लागलीच तर औषधं. दाखल करण्याची वेळ थोड्यांवर येते. आत्महत्येचा प्रयत्न केलेली मुलगी, जेवणच सोडल्यामुळे हाडं वर आलेली एखादी, किंवा कानात आवाज येतात म्हणून रात्ररात्र जागणारा दहावीतला मुलगा.

2017च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं 87वं कलम खास अठराच्या आतल्यांसाठी आहे. अर्ज पालकांनी करायचा. मग दोन तज्ज्ञ मुलाला वेगवेगळे तपासतात आणि त्यात एक तरी मानसोपचारतज्ज्ञ लागतोच. भरतीशिवाय इलाज नाही, असं दोघांचंही मत पडलं तरच दाखल करता येतं. 72 तासांच्या आत मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाला कळवावं लागतं. मुक्काम तीस दिवसांवर गेला, तर मंडळाने आढावा घेणं बंधनकारक आहे. पालकांनी घरी न्यायचं म्हटलं की सोडावं लागतं. विजेच्या उपचाराची अनेकांना धास्ती असते. मुलांना तो पालकांच्या संमतीखेरीज आणि मंडळाच्या पूर्वपरवानगीशिवाय देताच येत नाही. कागदावर इतका काळजीपूर्वक लिहिलेला कायदा आपल्याकडे क्वचितच सापडतो.

अडचण वॉर्डात सुरू होते. मुलांना मोठ्या रुग्णांपासून वेगळं ठेवायचं, असं कायदा सांगतो. बंगळुरूच्या निम्हान्समध्ये बाल व किशोर मानसोपचाराचा स्वतंत्र विभाग आहे. पण जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयाच्या वाट्याला दहा खाटांचा वॉर्ड येतो. त्यातून चौदा वर्षांच्या मुलीसाठी वेगळी खोली काढायची कशी? ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी इथली मनोरुग्णालयं मोठी आहेत, पण ती मुळात उभारली गेली मोठ्यांसाठी.

त्याहून मोठा प्रश्न सोबतीचा. पालक किंवा त्यांनी नेमलेली व्यक्ती संपूर्ण मुक्कामभर मुलाजवळ राहिलीच पाहिजे. मुलगी असेल आणि पालक पुरुष असेल, तर बाईमाणूस सोबत हवंच. नियम योग्य आहे. अनोळखी वॉर्डात मूल एकटं पडत नाही, आणि घरी गेल्यावर औषधं कशी द्यायची, मूल बिथरलं तर काय करायचं, हे आईला तिथंच शिकता येतं. पण ती आई धुणीभांडी करणारी असेल, तर तीन आठवड्यांच्या खाड्यात तिची कामं जातात. धाकटी मुलं शेजाऱ्यांच्या जिवावर. खाट फुकट मिळाली तरी पगार बुडतोच, आणि मूल पुरतं सावरण्याआधीच ‘घरी नेतो’ असा अर्ज येतो.

कुपोषित बालकाला पोषण पुनर्वसन केंद्रात ठेवलं की सोबतच्या आईला जेवण आणि बुडीत मजुरी देण्याची पद्धत आपल्याकडे आहे. मनाने आजारी असलेल्या मुलाच्या आईला ती लागू करायला नवा कायदा नको, शासन निर्णय पुरे. राज्याने तो काढावा.

तोवर, घरातल्या मुलाची काळजी वाटत असेल, तर टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर फोन करा. सेवा मोफत आहे, चोवीस तास, आणि मराठीत बोलता येतं.