जुनी बँडसॉ घेताय? कुठला दोष चालेल, कुठला नाही

छोट्या फॅब्रिकेशन वर्कशॉपला धातू कापणारी जुनी बँडसॉ स्वस्तात मिळते. पण कट तिरका आला की माल आणि मजुरी दोन्ही वाया जातात. मग घ्यावी की नाही?

काय चालेल?
तिरका कट दिसला म्हणून लगेच नकार देऊ नका. बऱ्याचदा ब्लेड बोथट किंवा सैल असतं, नाहीतर गाइड बेअरिंग सरकलेले असतात. हे कमी खर्चात सुधारतं.

काय टाळावं?
वाकलेली फ्रेम, तडा गेलेलं चाक, झिजलेला गिअर. प्लग काढून मोटरची पुली हाताने फिरवा. गिअरबॉक्समध्ये अडखळलं किंवा खडखडलं, तर सौदा सोडा.

आणल्यावर काय करावं?
प्लग काढलेलाच ठेवून, हातमोजे घालून नवं ब्लेड बसवा आणि ताण द्या. गुण्या लावून ब्लेड बेडशी ९० अंशांत आणा. व्हाइसचा स्थिर जबडाही ब्लेडशी काटकोनात हवा.

कापताना?
किमान ३ दाते धातूत राहायला हवेत, म्हणून पातळ पाइपला बारीक दात्यांचं ब्लेड. स्टेनलेस स्टीलला वेग कमी ठेवा. मशीन सुरू करण्याआधी मात्र हातमोजे काढा. ते ब्लेडमध्ये अडकले, तर हातही ओढला जातो.