मरणाऱ्याजवळ बसायलाही शिकावे लागते

आपल्या घरांतील बरीच मुलेमुली आज एम.एस.डब्ल्यू. करतात. त्यांतली काही दवाखान्यात लागतात. सवलतीचा अर्ज, ट्रस्टची मदत ही कामे त्यांना लवकर जमतात. अडते दुसरीकडेच. “आता पेशंटला घरी न्या,” असे डॉक्टर सांगून जातात आणि नातेवाईक या पोरापोरींच्या तोंडाकडे पाहू लागतात. तिथे काय बोलावे हे नुसत्या पुस्तकातून येत नाही. ते शिकवावे लागते, आणि शिकविता येते, असे आमचे म्हणणे आहे.

लंडनच्या सिसिली साँडर्स आधी नर्स होत्या. पाठीच्या दुखण्यामुळे ते काम सुटले आणि १९४७ साली त्या दवाखान्यातील समाजसेविका झाल्या. वॉर्डात त्यांना डेव्हिड टास्मा हा पोलंडहून आलेला ज्यू वेटर भेटला. कर्करोगाने अंथरुणाला खिळलेला, परमुलखात एकटा. त्या त्याच्यापाशी बसत, बोलत. १९४८ साली जाताना त्याने पाचशे पौंड त्यांच्या नावे ठेवले! पुढे त्या डॉक्टर झाल्या आणि १९६७ साली त्यांनी सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उघडले. शरीराचे दुखणे, मनातली भीती, पैशाची आणि घरच्यांची काळजी मिळून एकच वेदना होते, ही त्यांची शिकवण. तिच्यातले शरीराचे दुखणे मॉर्फिनने कमी होते. बाकीच्यासाठी माणूस लागतो.

आपल्याकडे वांद्र्याला १९८६ साली शांती आवेदना सदन निघाले. पण वस्तीतल्या माणसांनी धडा घ्यावा तो केरळचा. कोझिकोडच्या मेडिकल कॉलेजात १९९३ साली सुरू झालेले वेदनाशमनाचे काम पुढे गल्लीबोळांत पोहोचले. साधी कामधंदा करणारी माणसे थोडे शिक्षण घेऊन नर्सबरोबर घरोघर जाऊ लागली. २००८ साली तिथल्या सरकारने त्यासाठी धोरणच केले.

मग शिकवायचे काय? आधी ऐकणे. “सगळे ठीक होईल” हे खोटे आहे, हे आजाऱ्याला कळत असते. “कोणाची काळजी वाटते?” असे विचारून गप्प बसायचे. हे गप्प बसणेच फार जड जाते.

“आबांना काही सांगू नका,” असे घरचे विनवतात. आबांना बहुधा सारे उमगलेले असते. तेही घरच्यांपासून लपवीत असतात. अशा वेळी कार्यकर्त्याने भडाभडा बोलू नये. आपल्याला किती जाणून घ्यायचे आहे, हे आबांनाच हळूच विचारावे. मग थकलेली उधारी, पासबुक, धाकटीचे शिक्षण असे मनातले बाहेर येते. मुलांना मात्र “बाबा झोपले” असे सांगू नये. पोर झोपायलाच भिते.

नव्या कार्यकर्त्याला अनुभवी माणसाबरोबरच पाठवावे. पहिला मृत्यू पाहून तोही हादरतो. त्याचेही कोणी ऐकले पाहिजे.

मृत्यूची नोंद एकवीस दिवसांत करायची असते. फंड, विमा, पेन्शन सारे त्या दाखल्यावर अडते, म्हणून कार्यकर्त्याने कुटुंबाबरोबर कचेरीत जावे. पुण्यानुमोदनापर्यंत घर माणसांनी भरलेले असते. नंतर कोणी फिरकत नाही. महिन्याभराने एक फेरी मारावी. बाई जेवते का, रात्री झोप लागते का, हे पुसावे. आणि तिने गेलेल्याचा विषय काढला, तर तो बदलू नये.