ताजी कोलंबी, खराब कोलंबी

वसई तालुक्यातल्या चंदनसारला मासळी घ्यायला गेलात, तर बांगडा ताजा, कोलंबी ताजी आणि पापलेट ताजं असतं. तीच मासळी नासली की लिंगभेद संपतो. बांगडा खराब, कोलंबी खराब, पापलेटही खराब!

‘ताजा’ फारसीतून आला, ‘खराब’ मूळचा अरबी. दोघेही पाहुणेच, मग वागणूक वेगळी का? मराठी अशा शब्दाचं कूळ विचारत नाही, शेवट बघते. आकारान्त विशेषण नामाच्या लिंग-वचनाप्रमाणे बदलतं, म्हणून ते विकारी. इतर बहुतेक अविकारी. अपवादही आहेत. ‘जादा’ आकारान्त असूनही गाडी जादाच आणि पैसेही जादाच. असे नियम बसवण्याचं काम दादोबा पांडुरंगांनी १८३६ च्या आपल्या मराठी व्याकरणात केलं. त्यांचं तर्खडकर हे आडनाव वसई तालुक्यातल्याच तर्खड गावावरून आलेलं.

विशेषण आणि नामाचा हा मेळ अरबीत जास्त काटेकोर असतो. तिथे विशेषण नामाच्या मागून येतं आणि लिंग, वचन, विभक्ती व निश्चितता या चारही बाबतींत नामाला धरून राहतं. ‘बैत कबीर’ म्हणजे एखादं मोठं घर. शहर स्त्रीलिंगी, म्हणून ‘मदीना कबीरा’. ठरावीक घराबद्दल बोलायचं तर ‘अल्’ दोन्ही शब्दांना लागतो: ‘अल्-बैत अल्-कबीर’. यातला दुसरा ‘अल्’ गाळला, की ‘अल्-बैत कबीर’ हे अख्खं वाक्य होतं: घर मोठं आहे. वर्तमानकाळात तिथे ‘आहे’ लागतच नाही. विशेषण की विधान, हे त्या ‘अल्’वरून कळतं.

अनेकवचनात आणखी एक गंमत आहे. मोठी माणसं ‘रिजाल किबार’, पण मोठी पुस्तकं ‘कुतुब कबीरा’. निर्जीव वस्तू आणि प्राणी अनेक झाले, तरी त्यांचं विशेषण सहसा स्त्रीलिंगी एकवचनी राहतं.

मग मराठीतल्या अरबी विशेषणांचं लिंग गेलं कुठे? यातले बहुतेक शब्द फारसीमार्फत आले आणि फारसीत व्याकरणिक लिंगच नाही. अरबीत ‘गरीब’ म्हणजे परका, तर परकी बाई ‘गरीबा’. आपल्याकडे अर्थ बदलला आणि बाईही नुसती गरीबच राहिली. माणसांच्या नावांत मात्र जुना मेळ अजून शाबूत आहे. जमील-जमीला, सईद-सईदा, करीम-करीमा ही सगळी मुळात अरबी विशेषणंच.