चिपमधला छोटा बदल: चार गैरसमज

चिपचा आराखडा जवळपास पुरा होतो आणि तपासणीत कळते की एक सिग्नल वेळेत पोहोचत नाही. मग कुठे बफर घालावा लागतो, कुठे गेट मोठे करावे लागते. बाकीची मांडणी शक्य तितकी जशीच्या तशी ठेवून हा बदल सामावून घेणे म्हणजे इन्क्रिमेंटल प्लेसमेंट.

गैरसमज १ : बदल झाला की सगळी मांडणी नव्याने करून घ्यावी.
वस्तुस्थिती : लाखो सेलची, म्हणजे गेट-बफरसारख्या घटकांची, सर्वोत्तम मांडणी शोधणे हा एनपी-हार्ड प्रश्न आहे. अल्गोरिदम चांगले उत्तर देतात, सर्वोत्तमाची हमी देत नाहीत. म्हणूनच सर्किट किंचित बदलून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, तर भलतीच मांडणी हाती येऊ शकते आणि जुळवून आणलेले वायरिंग व टायमिंग दोन्ही विस्कटतात.

गैरसमज २ : एकच गेट बदलले, तर एकाच जागेचा प्रश्न.
वस्तुस्थिती : स्टँडर्ड सेल ठरलेल्या ओळींत, ठरलेल्या साइटवरच (ओळीतल्या एकसारख्या घरांवरच) बसतात. समजा, 3 साइट रुंदीचे गेट 5 साइटचे करायचे आहे. डावीकडे एक साइट रिकामी आहे, उजवीकडे एकही नाही. मग उजवा शेजारी एक साइट सरकतो. त्याच्यापुढेही जागा नसेल, तर त्याचाही शेजारी सरकतो. प्रत्येकाच्या तारा ताणल्या जातात किंवा आखडतात. 2008 साली मांडलेला ‘अबॅकस’ अल्गोरिदम ओळीतल्या सेलचा क्रम राखतो आणि त्यांचे एकूण हलणे कमीत कमी ठेवतो.

गैरसमज ३ : तारांची एकूण लांबी घटली की चिप वेगवान झाली.
वस्तुस्थिती : वेग ठरतो तो सर्वांत रेंगाळणाऱ्या मार्गावरून. बाकीच्या हजार तारा आखूड झाल्या, तरी त्या मार्गावरची एक तार लांबली की घड्याळाची वेळ चुकते. 2014 च्या आयसीसीएडी या चिप-आराखड्याच्या संगणकीय साधनांवरील परिषदेतल्या एका स्पर्धेचा विषय हाच होता: सेल किती दूर हलवता येतील याची मर्यादा पाळून टायमिंग सुधारायचे.

गैरसमज ४ : शेवटपर्यंत कुठलाही सेल हलवता येतो.
वस्तुस्थिती : ट्रान्झिस्टरच्या थरांचे मास्क एकदा तयार झाले की सेल हलवणे म्हणजे ते महागडे मास्क पुन्हा बनवणे. ते टाळण्यासाठी आधीच पेरून ठेवलेले स्पेअर सेल फक्त धातूचे थर बदलून जोडून घेतात.

दोष गेला का आणि बाकीचे शाबूत राहिले का, या दोन्ही कसोट्यांना उतरते तीच दुरुस्ती खरी. व्हीएलएसआय शिकणाऱ्यांनी ‘ओपनरोड’ या मुक्त प्रणालीत एखाद्या आराखड्यात एक बफर घालावा आणि आधीचा व नंतरचा टायमिंग रिपोर्ट शेजारी ठेवून वाचावा.